बाजूला बघून रंगवलेली फुलं

वन्सं, हॉलच्या खिडकीचं ग्रील वाकलेलं नव्हतं. मी तुम्हाला सांगितलं, ह्यांनी सांगितलं, सोसायटीच्या सेक्रेटरीने तर लांब पट्टी लावून दाखवलं. तरी तुम्हाला ते पटलं होतं की आम्हा सगळ्यांच्या नादाने तुम्ही गप्प बसलात, हे मला अजून ठरवता येत नाही.

"आयुष्यभर सरळ रेघा ओढल्यात मी," तुम्ही त्या सेक्रेटरीला ऐकवलंत. "हा मधला गज पोट सुटल्यासारखा बाहेर आलाय. काम घेताना बघून घेत नाही काय तुमी?"

"मॅडम, काय वाकडं नाय. नवीन बसवलंय. टेन्शन नका घेऊ," असं म्हणून तो बिचारा सटकला. मी गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. तो गेल्यावर तुम्ही खिडकीसमोर उभ्या राहिलात आणि तळव्याने आधी एक डोळा झाकलात, मग दुसरा. मग परत पहिला. माझ्याकडे वळून बघितलं नाहीत. पण मला तेव्हाच कळलं की गडबड गजात नाही.

डॉक्टरांनी कागदावर डोळा काढून समजावलं. पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय, ह्या प्रकाराला औषध नाही, कडेचं दिसत राहील. "ज्याच्याकडे नीट बघायला जाल, नेमकं तेच दिसणार नाही," ते म्हणाले. मला रडू फुटायच्या बेतात होतं. तुम्ही विचारलंत, "म्हणजे ठार आंधळी होणार नाही?" ते म्हणाले, तशा नाही होणार. "मग झालं तर," असं म्हणून तुम्ही पर्स उचललीत.

ऐरोलीला परत येताना रिक्षात तुम्ही माझा हात धरलात, आधारासाठी नाही, बजावायला. "घरातले तुम्ही तिघं सोडून हे कुणाला कळता कामा नये. मीनल, शपथ घे." तुमच्याच हाताखाली हात असताना मी तुमचीच शपथ घेतली.

माझं लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी शिकवलं होतं, नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला वन्सं म्हणायचं, अहोजाहो करायचं आणि तिच्यापुढे आवाज चढवायचा नाही. पहिल्या दोन गोष्टी मी पाळल्या. तिसरी तुम्हीच मोडायला लावलीत, कारण वाद न घालणाऱ्या माणसाचा तुम्हाला कंटाळा यायचा.

तुम्ही तेव्हा साताऱ्याला पाटबंधारे खात्यात होतात. कालव्यांचे, बंधाऱ्यांचे नकाशे शाईने उतरवून काढायचं काम. लग्न केलं नव्हतंत, आणि का केलं नाहीत हे विचारायची कुणाची टाप नव्हती. आमची ऋतुजा झाली, तिला सारखं न्यूमोनियाचं दुखणं, आणि घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, मीनलने नोकरी सोडावी. मीसुद्धा मनातून तयार झाले होते. तेव्हा तुम्ही मुदतीच्या आधी निवृत्ती घेतलीत, दोन बॅगा घेऊन आमच्या ह्या फ्लॅटवर आलात आणि सासूबाईंना म्हणालात, "माझी नोकरी झाली करून. हिची आत्ता सुरू झालीय." पुन्हा त्यावर कधी बोलणं झालं नाही. मी सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे तेव्हा ऋतुजा तुमच्या कडेवर असायची आणि टाटा करायला तुम्ही तिचा हात हलवायचात.

मी त्याबद्दल तुमचे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात तसं बोलायची पद्धत नाही, असं मी स्वतःला सांगत आले. आता वाटतं, एकदा बोलून टाकायला हवं होतं. तुम्ही खेकसला असतात, पण ऐकलं असतंत.

चित्रं तुम्ही सुरू केलीत ती ऋतुजा कॉलेजात गेल्यावर. वाशीला नाझनीन मॅडमचा जलरंगांचा क्लास होता, आठवड्यातून दोनदा. पहिल्या दिवशी तिथून आलात त्या वैतागून. "सगळं ओघळतं गं. रेघ म्हणून टिकत नाही. ह्याला काय चित्र म्हणायचं?" पण पुढच्या वेळी परत गेलात. मग घरात जाड कागद, रुंद ब्रश, पाण्याच्या बरण्या दिसायला लागल्या आणि जेवणाचं टेबल आम्हाला दुपारनंतर मिळेनासं झालं.

हा रंग पाण्याचा असतो, त्यात पांढरा वापरायचा नसतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. ऊन दाखवायचं असेल तिथे कागद कोरा सोडायचा. रंग एकदा पडला की ऊन गेलं. आधी कुठे काय करायचं नाही हे ठरवायचं आणि मग बाकीचं करायचं. तुम्ही हे सांगताना इतक्या खूश असायचात, जसं काही कुणी तुम्हाला आयुष्यात पहिल्यांदा रेघ न ओढायची परवानगी दिली होती.

तुम्हाला हव्या तशा चित्रांची अशी पाचसहा वर्षंच मिळाली. नंतर ते ग्रील.

वन्सं, मला झोपेतून उठवणारी गोष्ट ही आहे. तुमचे चांगले डोळे आमच्या घरी खर्ची पडले. ऋतुजाच्या औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं, तिचे अभ्यास, तिच्या फ्रॉकांच्या तुरपाया. मी हे एकदा तुम्हाला बोलून दाखवलं तर तुम्ही म्हणालात, "डोळे काय साठवून ठेवता येतात? वेडी आहेस का?" उत्तर बरोबरच होतं. पण मला त्याने आराम पडला नाही, अजूनही पडत नाही.

डॉक्टरांकडून आल्यावर मला वाटलं होतं, आता रंग कपाटात जातील. तुम्ही दुसऱ्याच दिवशी मला ट्यूबा ओळीने लावायला सांगितलंत, कारण नावं वाचता येत नव्हती. डावीकडून पिवळे, मग लाल, मग निळे. कधी ओळ चुकली की तुम्ही बोटावर रंग काढून डोळ्याच्या कडेशी नेऊन बघायचात.

"हा कुठला?"

"लाल."

"लाल म्हणजे काय? कुंकवासारखा, की पिकल्या टोमॅटोसारखा?"

"विटेसारखा."

"हां. आता कळलं. नुसतं लाल काय म्हणतेस."

मी बँकेच्या बॅक-ऑफिसमध्ये आकडे तपासणारी बाई. तुमच्यामुळे मला लाल रंगाला एवढी नावं द्यायला लागली.

आणि मग ते चित्र. आपल्याच हॉलचं. आपल्याकडे ऊन पूर्वेच्या डोंगरावरून येतं, त्यामुळे जरा उशिराच येतं, पण आलं की थेट आत घुसतं. फरशीवर ग्रीलची नक्षी, वेताच्या खुर्चीची पाठ पेटल्यासारखी, पडदा अर्धा उजेडात. खिडकीशी टेबलावर लोणच्याची चिनी मातीची बरणी आणि तिच्यात फुलं. शेवंती आणि जांभळे अस्टर. ती मी रविवारी स्टेशनबाहेरून आणायचे. ती माना टाकायला लागली की तुम्ही नवी मागवायचात, तीच, तेवढीच.

तुम्ही बसायचात ते फुलांकडे तोंड करून नव्हे. मान वळवून खुर्चीकडे बघत बसायचात आणि हात फुलांवर चालायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, "वन्सं, फुलं इकडे आहेत."

"माहितीय. फुलं बघायची असतील तर मला खुर्चीकडे बघावं लागतं. खुर्ची बघायची असली की फुलांकडे. नजर थेट टाकली की तिथं राखाडी डाग येतो, मधोमध. बाजूला बघितलं की जरा सापडतात, मग पळून जातात."

"माझा चेहरा?"

"तुझे कान दिसतात," तुम्ही म्हणालात आणि हसायला लागलात. मीही हसले. मग मोरीत जाऊन नळ सोडून रडले. तेवढं तुम्हाला ऐकू गेलं असेल, कान शाबूत होते.

कितीतरी कागद फाडलेत तुम्ही. एकदा सगळं जमत आलं होतं आणि पडद्याच्या उजेडात निळा थेंब पडला. तुम्ही विचारलंत, "कोरं राहिलंय ना पडद्यावर?" मी थेंब पडल्याचं सांगितलं. तुम्ही कागद फळीवरून सोडवलात आणि दोन तुकडे केलेत. ह्यांचं म्हणणं होतं, कशाला सांगितलंस, तिला कुठे दिसत होतं. पण तुम्ही मला विचारलंत ते खरं ऐकायलाच ना?

शेवटी एक चित्र टिकलं. फरशीवरचं ऊन त्यात असं आलंय की पाय ठेवला तर चटका बसेल. खुर्ची, पडदा, खिडकीबाहेरची पांढरी झळ, सगळं आहे. गज सगळे किंचित वाकलेले आहेत. आणि मधोमध, जिथे फुलं, तिथे पाकळी एक नाही. जांभळं आणि पिवळं एकमेकांत उतरलंय, कडा विरघळल्यात, बरणीच्या तोंडाशी रंगाचं धुकं आहे फक्त.

"फुलं झालीत का?" तुम्ही विचारलंत.

"छान झालंय चित्र."

"छान नको सांगू. फुलं झालीत का फुलं?"

मी बराच वेळ बघितलं. "लांबून झालीत," म्हटलं.

तुम्ही ब्रश धूत राहिलात. पाणी स्वच्छ झालं तरी धूत राहिलात. मग म्हणालात, "लांबूनच बघायचं असतं." तुम्हाला ते लागलं की आवडलं, कळलं नाही. विचारावं असं रोज वाटायचं. विचारलं नाही.

त्या सुमारास नाझनीन मॅडम घरी आल्या. त्यांच्या ग्रुपचं प्रदर्शन भरणार होतं. चित्र बघून त्या बसल्याच नाहीत, उभ्यानेच बघत राहिल्या. "अल्ला, शालूताई! क्लासमध्ये सगळे फोटोसारखं काढतात, एकेक पाकळी मोजून. तुम्ही सोडून कसं दिलं इतकं? डर नाही वाटला?" तुमचा चेहरा मी तेव्हा बघत होते. एखाद्या मुलीला पहिला नंबर सांगावा तसा झाला होता.

आणि ह्यांना राहवलं नाही. धाकटा भाऊ, अभिमान पोटात मावेना. "मॅडम, तुम्हाला माहीत नाही, ताईला नीट दिसतच नाही. डोळे गेलेत तिचे. तरी हे केलंय!"

नाझनीन मॅडम एकदम खाली बसल्या. तुमचा हात हातात घेतला. आणि त्यांचा आवाज बदलला, हळू आणि मोठा, लहान मुलाशी किंवा बहिऱ्याशी बोलावं तसा. चित्राखाली छोटं कार्ड लावू म्हणाल्या, दृष्टी जात असताना काढलेलं चित्र, लोकांना हिंमत येईल. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. चित्राकडे मात्र त्यांनी पुन्हा मान वळवली नाही.

त्या गेल्यावर तुम्ही म्हणालात, "हे चित्र जाणार नाही."

"का?"

"आधी ती चित्र बघत होती. मग मला बघायला लागली."

ह्यांच्याशी तुम्ही भांडलाच नाहीत, त्यांच्या बाजूला बघून जेवलात एवढंच. भांडण माझ्याशी झालं. मी म्हटलं, कळलं तर काय बिघडतं लोकांना? तुमच्यासारखी एखादी बाई कुठे घरात बसून असेल, तिला धीर येईल.

"तिला धीर द्यायचा तर मी तिच्या घरी जाईन. चित्र कशाला मधे?"

"आणि आम्ही?" मी म्हटलं. आवाज चढला होता. "कराडच्या लग्नात तुम्ही मावशींच्या समोरून निघून गेलात. त्या अजून म्हणतात, शालिनीला मुंबईचं वारं लागलं, ओळख देत नाही. लोक तुम्हाला गर्विष्ठ म्हणतात आणि मी तोंड शिवून ऐकते. किती दिवस ऐकायचं?"

"म्हणू दे गर्विष्ठ. बिचारी म्हणण्यापेक्षा बरं."

"तुम्हाला बरं. ऐकावं मला लागतं."

तुम्ही उठलात. तुमच्या खोलीत गेलात. दार लावलं नाहीत, नुसतं लोटलंत.

त्यानंतर आपण बोलत होतो, पण कामापुरतं. चहा ठेवू का, गोळी घेतली का, दूधवाला आला. नेहमी आपली भांडणं दुसऱ्या दिवशी चहासोबत मिटायची. हे लांबलं. मला वाटायचं, रविवार येऊ दे, फुलं आणते, आपोआप सुरू होईल. मी फुलं आणलीदेखील. तुम्ही ती बरणीत घातलीत. कागद काढला नाहीत.

त्याच आठवड्यात सकाळी आंघोळीहून आलात, छातीत दाटतंय म्हणालात. ह्यांनी गाडी काढली. तुम्ही मागच्या सीटवर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून होतात. काहीतरी बोलायला म्हणून तुम्ही विचारलंत, "ऊन आलं का गं?" मी म्हटलं, आलंय. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर येईपर्यंत तुम्ही गेला होतात.

लोक म्हणतात, सुखाचं मरण आलं. असेल. मला ते भांडण मधेच सोडून उठून गेल्यासारखं वाटतं.

तेराव्यानंतर नाझनीन मॅडम पुन्हा आल्या. प्रदर्शन पुढे ढकललं गेलं होतं. चित्र द्याल का, विचारत होत्या, आणि फार संकोचून म्हणाल्या, "आता तर त्या नाहीत. आता कार्ड लावलं तर चालेल ना? त्यांची याद राहील." हे लगेच हो म्हणाले. माझी बहीण काय होती ते जगाला कळू दे, म्हणाले आणि तोंडावर रुमाल धरला. ऋतुजाने माझ्याकडे बघितलं. सगळेच माझ्याकडे बघायला लागले, कारण कार्ड लावावं म्हणून भांडले होते ती मीच.

मी म्हटलं, "नाव लिहा फक्त. शालिनी. दुसरं काही नको."

तुम्ही बरोबर होतात असं मला पटलंय म्हणून नाही. कराडच्या मावशी तेराव्याला आल्या होत्या, त्यांना मी सगळं सांगितलं. त्या रडल्या, "आधी का नाही गं सांगितलंत," म्हणून मला बोलल्या. त्यांना तुमच्याशी नीट निरोप घेता आला असता, वन्सं. ते तुमच्या हट्टाने राहून गेलं. तुम्ही समोर असता तर हे मी आजही तोंडावर म्हटलं असतं, तुम्ही उत्तर दिलं असतंत आणि मी पुन्हा बोलले असते. आता उत्तर येणार नाही. तेव्हा चित्रापुरतं तुमचं चालू दे, एवढंच ठरवलं. हे लिहितेय तेही तुमच्या मनाविरुद्धच आहे, माहितीय. पण तुम्हाला चित्राजवळ नको होतं ना? इथे चित्र नाहीये.

काल वाशीला गेले होते. हॉल छोटाच, ट्यूबलाइटचा. तुमचं चित्र कोपऱ्याजवळ होतं. मी बाजूच्या खुर्चीत बसून राहिले, कोण थांबतंय ते बघत. बरेच जण पुढे गेले. एका बाईने चित्रातल्या खुर्चीचा फोटो काढला. दोन मुलींनी सेल्फी काढला, मागे तुमचं ऊन.

मग एक वयस्कर गृहस्थ आले, सोबत त्यांच्या मिसेस. त्यांनी चष्मा वर केला, जवळ गेले, मागे आले, परत जवळ गेले. एवढा वेळ त्या हॉलमध्ये कुणी कुठल्याच चित्रापुढे थांबलं नव्हतं.

"उजेड बघ," ते बायकोला म्हणाले. "कागद कुठे सोडायचा हे बरोबर कळलंय बाईंना. ही फरशी बघ, ही खुर्ची. पण फुलं..." त्यांनी जीभ टाळूला लावून आवाज काढला. "फुलं हातातून निसटलीत. बाकी सगळ्यावर बसल्यात आणि मधोमध येऊन घाई केलीय."

"मला तर आवडलं हो," मिसेस म्हणाल्या.

"आवडायला मलाही आवडलंय. म्हणून तर सांगतोय. वाईट असतं तर पुढे गेलो असतो."

मला जाऊन त्यांची बाही धरावीशी वाटली. घाई? अहो, ह्या फुलांपायी किती कागद फाडले गेलेत, किती रविवार मी त्या फुलवालीपुढे उभी राहिलेय, ती बाई मान वळवून कशी बसायची, तुम्हाला काय माहीत? ओठापर्यंत आलं होतं. एक वाक्य बोलले असते तर त्या माणसाने ओशाळून हात जोडले असते, आणि ते चित्र त्यांनी पुन्हा कधी बघितलं नसतं.

मी उठून उभी राहिले तसं त्यांनी विचारलं, "तुम्ही काढलंय का?"

"नाही. माझ्या नणंदेने."

"असं का! मग आमचा निरोप द्या त्यांना," ते म्हणाले, मनापासून, चित्राकडेच बघत. "म्हणावं, ऊन फार सुरेख उतरलंय. फुलांवर मात्र अजून मेहनत घ्यायला पाहिजे. सांगाल ना?"

"सांगते," मी म्हटलं.